शिरगणतीतून निसटलेली माणसे

(व्याख्यानाचे शब्दांकन)



२०११ च्या जनगणनेने भारताची लोकसंख्या १२१ कोटी ८ लाख ५४ हजार ९७७ इतकी नोंदविली. या आकड्याकडे पाहिले की प्रथम आदरच वाटतो. हिमालयातील पाड्यांपासून अंदमानच्या बेटांपर्यंत सुमारे २७ लाख कर्मचारी फिरले, आणि त्यांच्या कागदांतून शेवटच्या एकक स्थानापर्यंत नेमका दिसणारा आकडा उभा राहिला. परंतु ज्या कार्यालयाने हा आकडा दिला, त्याच कार्यालयाने पुढे आणखी एक अहवाल प्रसिद्ध केला. त्याची चर्चा वृत्तपत्रांत फारशी झाली नाही. त्या अहवालानुसार या गणनेत दर हजार माणसांमागे २३ माणसे नोंदीतून सुटली होती. हजारात तेवीस हे प्रमाण ऐकायला किरकोळ वाटते. १२१ कोटींवर ते लावले, म्हणजे पावणेतीन कोटींहून अधिक माणसे होतात. महाराष्ट्राच्या त्या वेळच्या लोकसंख्येचा जवळजवळ चौथा भाग! एवढी माणसे या देशात राहत होती, खात होती, कष्ट करीत होती आणि राष्ट्राच्या हिशेबवहीत नव्हती.

यावरून शासनाला धारेवर धरण्याचे कारण नाही. आपली चूक किती, हे मोजून जाहीर करणारी गणना चूक लपविणाऱ्या गणनेपेक्षा केव्हाही श्रेष्ठ. पण निसटलेली ही माणसे कोण, ती का निसटली आणि त्यांच्या निसटण्याने कोणाचे काय बिघडले, हे प्रश्न मात्र प्रत्येक विचारी नागरिकाने स्वतःला विचारले पाहिजेत. कारण या देशाच्या इतिहासात एकदा शिरगणतीच्या चुकीच्या आकड्यांवर सीमारेषा आखली गेली आहे.

जुन्या मराठीत जनगणनेला खानेसुमारी म्हणत. पेशवाईच्या दप्तरांतही घरांच्या व कुळांच्या अशा याद्या आढळतात. त्याही मागे जायचे तर कौटिल्याच्या अर्थशास्त्राकडे जावे लागेल. पाच किंवा दहा गावांवर नेमलेला 'गोप' हा अधिकारी घरोघरची माणसे, त्यांचे व्यवसाय, जनावरे आणि करांची स्थिती यांची नोंद ठेवी. येथपर्यंत विशेष काही नाही. कर गोळा करणाऱ्या प्रत्येक राज्याला अशी नोंद हवीच असते. विशेष आहे ते पुढे. समाहर्ता हा महसुलाचा प्रमुख, गृहस्थांच्या वेषातील हेरांना त्याच गावांत पाठवी आणि शेते, घरे व कुळे यांची संख्या त्यांच्याकडून स्वतंत्रपणे काढून घेई. गोपाची यादी एकीकडे आणि हेराची यादी दुसरीकडे, अशी ही योजना होती. मोजणाऱ्याचीही मोजणी झाली पाहिजे, हे तत्त्व त्यात स्पष्ट आहे.

आधुनिक संख्याशास्त्राने हेच तत्त्व गणिताच्या भाषेत मांडले, आणि त्यातही एका भारतीयाचा वाटा मोठा आहे. कोलकात्याजवळच्या सिंगूर येथील आरोग्यकेंद्राच्या क्षेत्रात जन्ममृत्यूंच्या किती नोंदी सुटतात, याचा अभ्यास करताना सी. चंद्रशेखरन यांनी अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डेमिंग यांच्यासह १९४९ मध्ये एक पद्धत प्रसिद्ध केली. पुढे ती जगभर दोघांच्या नावांनी ओळखली गेली. तिचे गणित शाळकरी मुलालाही समजेल असे आहे. एका वस्तीत पहिल्या प्रगणकाने ४५० माणसे मोजली. काही दिवसांनी दुसरा प्रगणक पहिली यादी न पाहता त्याच वस्तीत गेला आणि त्याला ४२० माणसे सापडली. दोन्ही याद्या जुळविल्यावर ३७८ नावे समान निघाली. याचा अर्थ दुसऱ्याला सापडलेल्या ४२० पैकी ३७८ जण, म्हणजे शंभरातील ९०, पहिल्या यादीत होते. तेव्हा पहिल्या यादीने वस्तीतील नव्वद टक्के माणसे टिपली असे मानता येते. आणि ४५० हे जर नव्वद टक्के असतील, तर वस्ती ५०० माणसांची ठरते. आठ माणसे अशी, की जी दोन्ही याद्यांत नाहीत आणि तरीही गणितात आहेत!

जनगणना संपल्यावर देशभरातील निवडक प्रगणन गटांत जी जनगणनोत्तर पाहणी होते, ती याच विचारावर उभी आहे. स्वतंत्र भारतातील प्रत्येक जनगणनेनंतर ती झाली. तिने दिलेली निव्वळ गळती, म्हणजे सुटलेल्यांतून दुबार मोजलेल्यांची वजाबाकी करून उरणारा आकडा, १९५१ मध्ये हजारी ११ होती. १९६१ मध्ये ती ७ वर आली. त्यानंतर १९७१ मध्ये १७, १९८१ आणि १९९१ मध्ये सुमारे १८, आणि २००१ व २०११ मध्ये २३ अशी ती चढत गेली. रस्ते झाले, साक्षरता वाढली, संगणक आले आणि गळती मात्र वाढली, हे थोडे चमत्कारिक वाटते. कारण शोधायला दूर जावे लागत नाही. १९६१ चा भारत गावात राहत होता. गावातील शिक्षक किंवा तलाठी एकेक घर नावाने ओळखत असे. पुढचा भारत शहराकडे सरकला, भाड्याच्या खोलीत, बांधकामाच्या पत्र्याच्या शेडमध्ये, कुलूपबंद सदनिकेत राहू लागला. शहरांतील गळती खेड्यांपेक्षा अधिक असते, हे पाहण्यांनी दाखविले आहे. शेजाऱ्याचे नाव शेजाऱ्याला ठाऊक नसेल, तर प्रगणकाला ते कोण सांगणार?

आणखी एक मर्यादा येथेच सांगितली पाहिजे. जी माणसे पहिल्या प्रगणकाला सापडत नाहीत, तीच बहुधा दुसऱ्यालाही सापडत नाहीत. पुलाखाली झोपणारा, पहाटे चारला कामावर जाणारा, पोलिसांच्या भीतीने नाव न सांगणारा माणूस दोन्ही वेळा निसटतो. घरातील तान्हे मूलही असेच निसटते; 'घरात किती माणसे?' असे विचारले की चार म्हणून सांगितले जाते आणि पाळण्यातले पाचवे राहून जाते. दोन याद्यांचे गणित या दोन्ही यादींच्या स्वतंत्रपणावर अवलंबून असल्याने, खरी गळती दाखविलेल्या गळतीहून अधिक असण्याचाच संभव मोठा.

निसटण्याचे हे प्रकार अजाणतेपणाचे झाले. जाणूनबुजून निसटण्याचा प्रसंगही या देशाने पाहिला आहे. १९३१ ची जनगणना सविनय कायदेभंगाच्या चळवळीच्या ऐन भरात आली. परक्या सरकारच्या कोणत्याही कामात सहकार्य नको, या भूमिकेतून काँग्रेसने जनगणनेवरही बहिष्कार पुकारला आणि ११ जानेवारी १९३१ हा रविवार 'जनगणना बहिष्कार दिन' म्हणून पाळण्याचे आवाहन केले. प्रत्यक्ष गणना २६ फेब्रुवारीच्या रात्री झाली. त्यानंतर सातच दिवसांनी, ५ मार्चला, गांधी-आयर्विन करार झाला! तडजोड आठवडाभर आधी झाली असती, तर कदाचित कित्येक घरांची दारे प्रगणकासाठी उघडली असती. बहिष्कार देशभर सारखा यशस्वी झाला नाही. गुजरातेत, विशेषतः अहमदाबादेत, त्याचा परिणाम जाणवला. परकीय सत्तेशी असहकार करण्यामागची भावना निर्मळ होती, यात शंका नाही. पण आपण राज्यकर्त्याला आकडा नाकारतो आहोत की स्वतःला, एवढा विचार त्या वेळी व्हायला हवा होता, असे आज मागे वळून पाहताना म्हणावेसे वाटते.

कारण १९३१ चे आकडे त्यांच्या काळाबरोबर विरून गेले नाहीत. जातींची संपूर्ण गणना करून तिचे आकडे प्रसिद्ध करणारी ती अखेरची जनगणना ठरली. १९४१ मध्ये महायुद्धामुळे कोष्टके संक्षिप्त राहिली आणि १९५१ पासून अनुसूचित जाती व जमातींपुरतीच वेगळी गणना होऊ लागली. त्यामुळे १९८० मध्ये मंडल आयोगाने मागासवर्गीयांची संख्या देशात ५२ टक्के असल्याचे अनुमान मांडले, तेव्हा त्यालाही पन्नास वर्षांपूर्वीच्या त्याच जनगणनेचा आधार घ्यावा लागला. ज्या गणनेच्या वेळी काही घरांनी दारे मिटून घेतली होती, तिच्यावरच स्वतंत्र भारतातील सर्वांत तीव्र सामाजिक वादांपैकी एकाचा पाया रचला गेला.

दहा वर्षांनी परिस्थिती बरोबर उलटी झाली. १९३२ च्या जातीय निवाड्याने विधिमंडळांतील जागा जमातवार वाटल्या होत्या. संख्या म्हणजे सत्ता, हे समीकरण आता प्रत्येकाला कळले होते. बंगालमध्ये मागच्या बहिष्काराने हिंदूंची संख्या कमी नोंदली गेली, अशी तक्रार होतीच. हिंदू महासभेने, जिचे अध्यक्षपद तेव्हा स्वातंत्र्यवीर सावरकरांकडे होते, हिंदूंनी या वेळी आपली नोंद करवून घ्यावी यासाठी प्रचार केला. मुस्लिम लीगही स्वस्थ बसली नव्हती. आपले कोणी सुटू नये, हा आग्रह रास्त होता. परंतु आग्रहाची स्पर्धा झाली आणि स्पर्धेत भान राहिले नाही. नसलेली माणसे कागदावर आली. दोन्ही समाजांनी आकडे फुगविले, आणि १९५१ च्या जनगणनेच्या अधिकाऱ्यांना बंगाल व पंजाबच्या १९४१ च्या आकड्यांतील या फुगवट्याची दखल घ्यावी लागली. पश्चिम बंगालच्या १९५१ च्या जनगणनेचे प्रमुख अशोक मित्र यांनी तर त्याची सविस्तर चर्चा केली आहे.

हा सारा विषय अभ्यासकांच्या चर्चेपुरताच राहिला असता. पण ३ जून १९४७ रोजी फाळणीची योजना जाहीर झाली आणि तिच्यात एक वाक्य असे होते, की जिल्ह्यांची लोकसंख्या ठरविण्यासाठी १९४१ च्या जनगणनेचे आकडे अधिकृत मानले जातील. कोणत्या जिल्ह्यांत मुसलमान बहुसंख्य आहेत, याची यादीच त्या योजनेला जोडलेली होती. आता त्या आकड्यांतील एकदोन जिल्हे पाहावेत. पंजाबातील गुरुदासपूर जिल्ह्यात १९४१ च्या आकड्यांप्रमाणे मुसलमान ५१ टक्क्यांहून किंचित अधिक होते. बंगालमधील खुलना जिल्ह्यात ते ४९ टक्क्यांहून किंचित अधिक, म्हणजे हिंदूंचे बहुमत अगदी काठावरचे होते. दोन्हीकडे अंतर होते एका-दीड टक्क्याचे. आणि ज्या गणनेवरून हे अंतर काढले, तिच्यात चूक एका-दीड टक्क्यापेक्षा कितीतरी मोठी असण्याचा संभव होता. तागडी जर पाचदहा शेरांनी चुकत असेल, तर तिच्यावर सोने तोलून न्याय कसा होणार?

रॅडक्लिफ यांनी निवाडा देताना केवळ आकडे पाहिले नाहीत, हेही येथे सांगितले पाहिजे. नद्या, कालवे, रेल्वे असे 'अन्य घटक' त्यांना विचारात घेता येत होते. गुरुदासपूरच्या चारपैकी तीन तहसिली भारतात आल्या आणि शकरगढ पाकिस्तानात गेली. खुलना जिल्हा तात्पुरत्या वाटणीत पश्चिम बंगालकडे होता. १७ ऑगस्टला, स्वातंत्र्याच्या तिसऱ्या दिवशी, निवाडा प्रसिद्ध झाला तेव्हा तो पूर्व पाकिस्तानात गेल्याचे तेथील लोकांना कळले. आणि मुसलमान बहुसंख्य असलेला मुर्शिदाबाद भारतात आला. पण चर्चेचा आरंभबिंदू, दावे-प्रतिदाव्यांची भूमी ही १९४१ चीच होती. लक्षावधी कुटुंबांच्या उंबरठ्यावरून जी रेषा गेली, तिच्यातील शाई काही अंशी त्या फुगविलेल्या नोंदवह्यांतून आली होती.

स्वातंत्र्यानंतर ही विद्या आपण विसरलो, असे मात्र म्हणता येत नाही. नागालँडची लोकसंख्या १९९१ मध्ये सुमारे १२ लाख १० हजार होती. २००१ मध्ये ती सुमारे १९ लाख ९० हजार झाली. दहा वर्षांत ६४ टक्क्यांहून अधिक वाढ झाली आणि देशातील सर्वाधिक वाढीचा मान त्या चिमुकल्या राज्याकडे गेला! बाहेरून येणाऱ्यांची संख्या वाढली असे कारण प्रथम सांगितले गेले, आणि काही प्रमाणात ते असेलही. परंतु खरे कारण वेगळे होते. लोकसंख्येवर विधानसभेच्या जागांची फेररचना होणार, विकासनिधी मिळणार. मग आपले गाव, आपली जमात मागे का राहावी, या चढाओढीत गावोगाव आकडे वाढविण्यात आले. अखेर राज्याच्या मुख्यमंत्र्यांनीच, नेफ्यू रिओ यांनी, २००१ ची गणना सदोष असल्याचे सांगून ती नाकारली. २०११ पूर्वी जमातींच्या प्रमुखांशी, ग्रामसभांशी, चर्चच्या संस्थांशी बोलणी झाली, आणि त्या वर्षी लोकसंख्या निघाली सुमारे १९ लाख ७९ हजार. दहा वर्षांत माणसे घटली. कोणतीही साथ नाही, दुष्काळ नाही, युद्ध नाही. वास्तविक घटली ती माणसे नव्हती, घटली होती ती शाई. शेजारच्या मणिपूरमध्ये सेनापती जिल्ह्यातील माओ-मराम, पाओमाता आणि पुरुल या तीन उपविभागांचे २००१ चे आकडे इतके अस्वाभाविक निघाले, की ते अंतिम आकडेवारीतून वगळावे लागले. २००८ मध्ये देशभर मतदारसंघांची पुनर्रचना झाली तेव्हा आसाम, अरुणाचल, नागालँड आणि मणिपूर या चार राज्यांत ती पुढे ढकलली गेली.

संपूर्ण प्रदेशच गणनेतून राहून गेला, तर काय घडते, हेही पाहण्यासारखे आहे. १९८१ मध्ये आसामात अशांततेमुळे गणना झाली नाही. १९९१ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये ती झाली नाही; आदल्याच वर्षी काश्मीर खोऱ्यातून हिंदूंना घरेदारे सोडून जावे लागले होते. दहशतवादाने केवळ माणसे मारली नाहीत, तर त्या प्रदेशाची दहा वर्षांची हिशेबवहीच कोरी ठेवली. किती कुटुंबे कोणत्या गावात होती, याचा १९९१ चा अधिकृत आकडा कधीच मिळणार नाही. ही हानी मोजण्याचेही साधन त्या गणनेबरोबर गेले.

या कोऱ्या पानाने पुढे एक वेगळाच गोंधळ घातला. सप्टेंबर २००४ मध्ये २००१ च्या जनगणनेची धर्मवार आकडेवारी प्रसिद्ध झाली. मुसलमानांच्या लोकसंख्येची दशवार्षिक वाढ ३६ टक्के, असा आकडा तिच्यातून बाहेर पडला आणि देशभर खळबळ उडाली. थोड्याच दिवसांत स्पष्टीकरण आले. १९९१ च्या बेरजेत काश्मीर नव्हते आणि २००१ च्या बेरजेत होते. म्हणजे तेथील सर्व मुसलमान जणू दहा वर्षांत नव्याने जन्मले, असा तो हिशेब होता. काश्मीर दोन्हीकडून वजा करून आकडेमोड केली, तेव्हा वाढीचा दर सुमारे २९ टक्क्यांवर आला. तोही हिंदूंच्या सुमारे २० टक्के दरापेक्षा अधिकच होता, आणि ज्यांना लोकसंख्येच्या असंतुलनाची चिंता होती, त्यांना मांडणी करायला तो पुरेसा होता. पण ३६ चा आकडा एकदा तोंडी बसला तो बसलाच. कित्येक सभांत त्यानंतरही तोच उच्चारला जात राहिला. यात नुकसान कोणाचे झाले? प्रतिपक्षाने एक चुकीचा आकडा दाखवून संपूर्ण विषयच हसण्यावारी नेला. ज्याला लोकसंख्येच्या प्रश्नावर बोलायचे आहे, त्याने चाळून घेतलेले धान्यच पेरावे. खडे पेरले तर पीक येत नाही, नांगर तेवढा बोथट होतो.

जगात इतरत्रही हा प्रश्न सुटलेला नाही. अमेरिकेत १९४० मध्ये सक्तीच्या सैन्यभरतीची नोंदणी झाली, तेव्हा त्याच वर्षीच्या जनगणनेत सापडलेल्यांपेक्षा अधिक तरुण नोंदणीला हजर झाले, आणि कृष्णवर्णीयांमध्ये ही तफावत सुमारे तेरा टक्के निघाली. मोजायला गेले तेव्हा जे सापडले नाहीत, ते लढायला बोलावले तेव्हा आले. ऐंशी वर्षांनंतर, २०२० मध्ये, एकूण गळती जवळजवळ शून्य होती. पण आत डोकावले तर कृष्णवर्णीयांत ती तीन टक्क्यांहून अधिक, राखीव प्रदेशांतील मूळ रहिवाशांत साडेपाच टक्क्यांहून अधिक, आणि श्वेतवर्णीय मात्र प्रमाणापेक्षा जास्त मोजलेले. एकाच्या ताटातील कमतरता दुसऱ्याच्या ताटातील जादा वाढपाने भरून निघाली आणि सरासरी सुरेख दिसली! दक्षिण आफ्रिकेच्या २०२२ च्या गणनेत तर तेथील सांख्यिकी विभागाने स्वतःच ३१ टक्के गळती जाहीर केली. पाकिस्तानात कराचीचा वाद सर्वश्रुत आहे. २०१७ मध्ये सुमारे १ कोटी ६० लाख ठरलेली कराची विभागाची संख्या, तेथील पक्षांच्या तीव्र आक्षेपांनंतर, २०२३ मध्ये २ कोटींच्या पुढे निघाली.

आता घराकडे वळू. प्रत्येक घट म्हणजे गळती नव्हे, याचे उत्तम उदाहरण कोकण आहे. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या जवळजवळ पाच टक्क्यांनी आणि सिंधुदुर्गाची दोन टक्क्यांहून अधिक घटली. तेथे प्रगणक चुकले नव्हते. घरांना कुलपे होती आणि किल्ल्या मुंबईत, ठाण्यात, डोंबिवलीत होत्या. मराठवाड्याची गोष्ट मात्र निराळी. बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतील ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीच्या सुमारास कुटुंबकबिल्यासह बाहेर पडतात आणि कारखान्यांचा गळीत हंगाम संपेपर्यंत, म्हणजे बहुधा मार्चपर्यंत, पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात फडांच्या कडेला कोप्या उभारून राहतात. जनगणनेचा काळ कोणता? २०११ मध्ये ९ ते २८ फेब्रुवारी. म्हणजे प्रगणक जेव्हा त्यांच्या गावातील दारासमोर उभा असतो, तेव्हा ते साखर कारखान्याच्या परिसरात उसाच्या मोळ्या बांधत असतात. नियमाप्रमाणे त्यांची नोंद फडावरच व्हायला हवी. पण कोपी हे काही घरयादीतील घर नव्हे. यादी केली तेव्हा ती तेथे नव्हती आणि पुढच्या वेळी पाहिले तर ती दुसऱ्या फडावर गेलेली असेल. गावचा प्रगणक म्हणतो, ते कारखान्यावर मोजले जातील. कारखान्याकडचा म्हणतो, ते गावाकडे मोजले गेले असतील. या दोन 'असतील'च्या मध्ये एक संपूर्ण कुटुंब हरवू शकते. पालावर राहणाऱ्या भटक्या-विमुक्तांची, वीटभट्टीवरच्या मजुरांची, मेंढरे घेऊन फिरणाऱ्या धनगरांची अवस्था याहून वेगळी नाही.

हरवल्याने काय बिघडते, असे विचारणाऱ्याने शिधापत्रिका पाहावी. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण भागातील ७५ टक्के आणि शहरी भागातील ५० टक्के लोकांना स्वस्त धान्याचा हक्क दिला. पण लाभार्थींची कमाल संख्या ठरली ती २०११ च्या आकड्यांवरून, सुमारे ८१ कोटी. २०२१ ची जनगणना कोरोनाच्या साथीमुळे होऊ शकली नाही आणि पुढे वर्षानुवर्षे लांबत गेली. तेवढ्या काळात जन्मलेली, वाढलेली माणसे त्या मर्यादेच्या बाहेर उभी राहिली. सुटलेल्या माणसाच्या हक्काचे धान्य सुटते.

या कामातील कायद्याची एक बाजू फारशी कोणाला ठाऊक नसते. १९४८ च्या जनगणना कायद्याने प्रश्नांची खरी उत्तरे देणे प्रत्येकाला बंधनकारक केले आहे, आणि दिलेली माहिती गोपनीय ठेवणे शासनाला. व्यक्तीची नोंद न्यायालयात पुरावा म्हणूनही काढता येत नाही. आणि याच कायद्यात एक हळुवार अपवाद आहे: रूढीमुळे ज्याचे नाव उच्चारता येत नाही अशा पतीचे वा अन्य व्यक्तीचे नाव सांगण्याची सक्ती कोणत्याही स्त्रीवर करता येत नाही. उखाण्याशिवाय धन्याचे नाव न घेणाऱ्या आपल्या आजीपणजीचा विचार करूनच कोणी तरी हे कलम लिहिले असावे. जनगणना ही नागरिकत्वाची चौकशी नव्हे, मतदारयादीही नव्हे. ती येथे राहणाऱ्यांची मोजणी आहे. घुसखोरीचा प्रश्न गंभीर आहे आणि त्यासाठी स्वतंत्र कायदे, स्वतंत्र यंत्रणा आहेत. तो प्रगणकाच्या वहीत मिसळला, तर भीतीने एक दार बंद होते, ईर्ष्येने दुसऱ्या दारातून नसलेली चार नावे पुढे येतात, आणि येथे किती लोक राहतात हेच कळेनासे होते. मग घुसखोरीचा तरी अंदाज कशावरून बांधणार?

पुढील जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली. देशाच्या बहुतेक भागासाठी १ मार्च २०२७ ची मध्यरात्र हा गणनेचा क्षण ठरला. लडाख आणि जम्मू-काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड येथील हिमाच्छादित भागांसाठी १ ऑक्टोबर २०२६. तत्पूर्वी ३० एप्रिल २०२५ रोजी मंत्रिमंडळाने या गणनेत जातींची नोंद करण्याचा निर्णय घेतला होता. कागदी अनुसूचीऐवजी मोबाइलवरील उपयोजन आणि ज्याची त्याने भरायची स्वयंगणना, हे दोन नवे भाग तिच्यात आहेत. यंत्र बेरजेत चुकणार नाही, यात शंका नाही. पण कोपीचे दार यंत्राला दिसत नाही, आणि स्वयंगणनेत सुशिक्षित घर दोनदा आणि निरक्षर घर एकदाही न मोजले जाण्याचा धोका असतो. १९४१ चा फुगवटा जमातीच्या नावाने झाला, २००१ चा जमातीच्या आणि गावाच्या. जातीच्या रकान्यासमोर तोच मोह उभा राहील.

प्रगणकाच्या वाट्याला येणारा गट साधारण सहाशे ते आठशे लोकवस्तीचा असतो. एवढ्या वस्तीत कोणत्या घरी मागच्या आठवड्यात बाळ जन्मले, कोणाच्या माडीवर परगावचे चार मजूर राहतात, कोणती म्हातारी मुलाकडे गेली आहे, हे त्या आळीतील कार्यकर्त्याला प्रगणकाहून अधिक ठाऊक असते. फेब्रुवारीच्या शेवटच्या रात्री बेघरांची गणना होते. २०११ मध्ये अशी १७ लाख ७३ हजार माणसे स्थानकांवर, फुटपाथवर, देवळांच्या ओवऱ्यांत कंदील आणि विजेऱ्या घेऊन फिरणाऱ्या कर्मचाऱ्यांना आढळली होती. त्या रात्री आपापल्या गावातील एस.टी. स्थानकावर, कारखान्याच्या फडांकडे जाणाऱ्या वाटेवर, प्रगणकासोबत चालायला किती जण तयार आहेत, याच्या याद्या तालुक्यातालुक्यांत आधीच तयार झालेल्या असाव्यात.